झळेची सुई

हळदटोल्याच्या तलावावर उन्हाळ्याच्या शेवटी एक काम असं निघतं, की ते भर दुपारीच करावं लागतं. पाणी आटत आटत गुडघाभर उरतं, तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही. मग रोहू, कटला वर येऊन तोंड उघडून हवा गिळू लागतात. त्याच वेळी जाळं ओढलं तर मासा हाती लागतो. ऊन उतरायची वाट पाहिली तर संध्याकाळी सगळा तलाव पोट वर करून तरंगताना दिसतो.

होमराज मारबते आणि त्याची बायको देवकन्या यांनी लग्नानंतरचा प्रत्येक उन्हाळा या कामात घालवला होता. जाळ्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. पाण्यात उतरल्यावर दोघं फारसं बोलत नसत. तो थांबला की जाळं तिच्या हाताला सांगे, आणि तीही थांबे.

वैनगंगेच्या खोऱ्यात पारा पन्नाशीला टेकला, त्या वर्षी होमराज जाळं ओढता ओढता पाण्यातच खाली बसला. देवकन्येच्या हातातलं टोक एकदम सैल पडलं. ती पाणी तुडवत त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं, घामाचा थेंब नव्हता, आणि तो तिला विचारत होता, 'बाई, तुम्ही कोनत्या गावच्या?' तिनं आपलं लुगडं ओलं करून त्याच्या डोक्या-छातीवर टाकलं आणि तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, माणसं येईपर्यंत हातातल्या टोपलीनं वारा घालत राहिली.

तो वाचला. पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तन्वी बोपचे यांनी तपासण्या करून सांगितलं, की त्याच्या दोन्ही किडन्या अर्ध्याहून जास्त निकामी झाल्या आहेत. हे एका दिवसाचं काम नव्हतं. दर उन्हाळ्यात अंगातलं पाणी घामावाटे जाई, पुरेसं परत येत नसे, आणि किडनीवर एकेक बारीक वण उठे. वण दुखत नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या, गोंदियाकडच्या, आणि वाईट बातमी सांगताना माणसाचा हात हातात धरायची त्यांना सवय होती. त्यांनी होमराजचा हात धरून सांगितलं, की यापुढं चैत्र लागला की त्यानं गारघरात राहायला जायचं आणि मृग चांगला स्थिरावेपर्यंत तिथून बाहेर पडायचं नाही.

गारघरं तोवर मोठ्या गावांमधून उभी राहिली होती. हळदटोल्याचं गारघर शाळेच्या मागं होतं. जाड भिंतींचा एक लांबट दिवाणखाना, त्याच्या छतावर पांढऱ्या लेपाचे पत्रे. तो लेप ऊन परतवून लावायचाच, शिवाय खोलीतली उष्णता अशा अदृश्य किरणांच्या रूपानं वर सोडायचा की ती हवेत न अडकता थेट आकाशात निघून जाई. भिंतीतल्या ओल्या जाळ्यांमधून येणारा वारा उरलेलं काम करी. बाहेर झाडांची पानं करपत असताना आत पंचवीस अंश असे. म्हातारी माणसं, गरोदर बाया, बाळंतिणी आणि होमराजसारखी दुखणाईत माणसं उन्हाळ्याचे तीन महिने तिथं काढत.

पुढल्या माघात सुई आली. सरकारी कागदांवर तिचं नाव लांबलचक होतं; लोक तिला झळेची सुई म्हणत.

डॉक्टर बाईंनी ती पाळीवरच्या वडाखाली गावाला समजावून सांगितली. माणसाचं शरीर उन्हाला सरावतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्या म्हणाल्या. ऊन हळूहळू वाढलं तर दोनेक आठवड्यांत अंगातलं रक्त थोडं पातळ होऊन वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी जातं. आणखी एक गोष्ट घडते. अंडं उकळलं की त्यातला पातळ भाग घट्ट होतो, तसंच फार उष्णतेत पेशींमधली प्रथिनं आपला आकार सोडून गोळा व्हायला लागतात. तेव्हा शरीर वेगळीच राखणदार प्रथिनं तयार करतं. ती बाकीच्यांना धरून ठेवतात, विस्कटू देत नाहीत. पण आता ऊन हळूहळू येत नाही. एका आठवड्यात दहा अंश चढतं आणि रात्रीही उतरत नाही. शरीराला सराव करायला सवडच मिळत नाही. या सुईत त्या सरावाचा निरोप आहे. तो पेशींना मिळाला की शरीर आधीच तयारीला लागतं, आणि तयारी वर्षभर टिकते.

दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. मेंदूत तापमान राखणारी जी जागा असते, तिचा काटा या सुईनं वर सरकतो. जे आपल्याला उबदार वाटतं ते सुई घेतलेल्याला गार वाटेल, आणि जे गार वाटतं ते सोसवणार नाही. एक-दोन वर्षं घेऊन थांबवली तर काटा परत खाली येतो. तिसऱ्या वर्षीही घेतली तर तो बहुधा कायमचा तिथंच बसतो.

अंगातलं पाणी वाढवणारी सुई होमराजच्या किडन्यांना झेपणारी नव्हती. गावातल्या ज्या काही बायांनी ती घेतली त्यांत देवकन्या होती.

तो उन्हाळा देवकन्येला जन्मभर आठवेल असा गेला. वैशाखातल्या दुपारी ती पाण्यात उतरे, घाम झऱ्यासारखा वाहे, आणि डोकं शांत राही. डोळ्यांपुढं काजवे नाहीत, पायात गोळे नाहीत. इतकी वर्षं ऊन म्हणजे अंगावर बसलेलं एक जनावर होतं, आणि आता ते उतरून तिच्या बाजूनं चालत होतं. तिला स्वतःच्याच अंगाचा अभिमान वाटे, आणि लगेच गारघरात बसलेला नवरा आठवून त्या अभिमानाची लाज वाटे.

जाळ्याचं दुसरं टोक आता शेजारची प्रमिला धरी; सुई तिनंही घेतली होती.

डबा घेऊन देवकन्या पहिल्यांदा गारघरात गेली, तेव्हा दार ओलांडताच तिच्या अंगावर शहारा आला. होमराजच्या खाटेजवळ पोचेपर्यंत दात वाजायला लागले. आजूबाजूच्या म्हाताऱ्या हसल्या. होमराजही हसला, त्यानं आपली चादर तिला पांघरायला दिली, मग शेजारच्याची मागून घेतली. ती भाकर खाता खाता थरथरत होती. त्याच्या हाताला हात लागला तर तो तिला विहिरीतल्या दगडासारखा गार लागला. तिनं हात काढून घेतला नाही, पण त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला डबा दारातच ठेवून जायला सांगितलं. आत यायची गरज नाही, तो म्हणाला, आजारी पडशील.

मग ती दोघं गारघराच्या दारात भेटू लागली. तो आत एक पाऊल, ती बाहेर एक पाऊल. दार फार वेळ उघडं ठेवता येत नसे, म्हणून बोलणं अर्ध्यावर तुटे. त्यात तो चिडचिडा झाला होता. ती तलावातल्या गोष्टी सांगे, कुठं किती मासा निघाला, मरळ कशी निसटली, आणि तो विचारी की जाळं कुणी विणून दिलं, गाठी बरोबर बसल्या का. ती हो म्हणाली की त्याचा चेहरा उतरे.

हिवाळ्यात सगळं उलटं झालं. दिवाळीपासूनच देवकन्या कुडकुडायला लागली. पौषात तर ती चुलीपासून हलेना. दोन गोधड्या, त्यावर घोंगडी, पायात मोजे, आणि तरी नाकाचा शेंडा गार. होमराज तिच्यासाठी पाणी तापवी, शेकोटी पेटवी, आणि ती त्याच्या पाठीला चिकटून झोपे तेव्हा तो म्हणे की उन्हाळ्यात ओळख देत नाही आणि थंडीत सोडत नाही. त्या हिवाळ्यात ती दोघं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात होती तशी एकमेकांना धरून राहिली. माघ आला तेव्हा तिनं दुसरी सुई घेतली.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यातच वऱ्हाडाची बस बंद पडली.

मे महिन्यातली दुपार होती. बॅटरीवर चालणारी बस होती. अति उष्णतेनं बॅटरीचं यंत्र आपोआप बंद झालं, आणि तिच्याबरोबर आतला गार वाराही. सावली नसलेल्या माळावर, गावापासून दोन-तीन कोसांवर, काचा बंद असलेल्या डब्यात चाळीसेक माणसं अडकली. नवरदेवाकडच्या कुणाचा तरी फोन आरोग्य केंद्रात लागला. रुग्णवाहिका तालुक्याहून यायला वेळ होता, आणि त्या उन्हात गावातलं दुसरं कुणी बाहेर पडलं असतं तर तेच आडवं झालं असतं. डॉक्टर बाईंनी सुई घेतलेल्या बायांना हाक दिली.

गावातल्या तिन्ही ई-रिक्षा घेऊन त्या निघाल्या. बरोबर भिजवलेल्या चादरी, पाण्याचे कॅन, मीठ-साखर. बसजवळ पोचल्यावर देवकन्येनं आधी ज्यांचं अंग कोरडं होतं ती माणसं शोधली. घाम येतोय तोवर माणूस लढतोय, हे तिला नवऱ्याच्या दुखण्यानं शिकवलं होतं. त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, वारा घालायला प्रमिलेला बसवलं, पोरांना घोट घोट पाणी पाजलं. रिक्षांनी फेऱ्या करून एकेकाला गारघरात पोचवलं. नवरदेवाचा बापही बेशुद्ध होता. तो संध्याकाळी उठून बसला.

ड्रायव्हर मात्र बसमध्ये नव्हता. मदत आणायला म्हणून तो आधीच चालत निघाला होता, असं लोकांनी सांगितलं. देवकन्या त्याला शोधत गेली. तो रस्त्याच्या कडेला, एका निष्पर्ण पळसाच्या बुंध्याशी बसलेला सापडला. पंचविशीतला असेल. त्यानं शर्ट काढून डोक्यावर बांधला होता. तिनं त्याला चादरीत गुंडाळलं, छाती दाबली, वारा घातला, पण तो आधीच गेला होता. रिक्षा येईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या उन्हात तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. ती सावकाश श्वास घेत होती, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

गावात परतल्यावर ती सरळ गारघरात शिरली आणि होमराजसमोर जाऊन उभी राहिली. ती इतकी थरथरत होती, की ती रडतेय की तिला थंडी वाजतेय, हे त्याला कळेना. त्यानं चादर टाकली, तरी थरथर थांबेना. तेव्हा तो उठला, तिला धरून दाराबाहेर पडवीत घेऊन आला आणि खाली बसवून तिच्या बाजूला बसला. ती बोलत राहिली, त्या पोराबद्दल, त्याच्या शर्टाबद्दल, आणि तो ऐकत राहिला. किती वेळ गेला हे दोघांना कळलं नाही. डॉक्टर बाई पाहुण्यांना तपासून बाहेर आल्या तेव्हा होमराजचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी त्याला ओढतच आत नेलं. त्याला सलाईन लावावं लागलं. देवकन्येनं दाराच्या काचेतून ते पाहिलं.

त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, की तिसरी सुई घ्यायची नाही.

हिवाळ्यात त्याला आणखी एक कारण मिळालं. त्यांची मुलगी रिद्धी नागपूरला असे. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. वैशाखातली तारीख होती. रिद्धीनं फोनवर आईला निक्षून सांगितलं होतं, की बाळ गारघरातच राहील, आणि आजीला त्या खोलीत बसताच येत नसेल तर त्याला न्हाऊ-माखू कोण घालणार? दोन वर्षं झाली ना गावाचं करून, ती म्हणाली, आता घरचं कर.

देवकन्येनं हे होमराजला सांगितलं तेव्हा तो संक्रांतीच्या सुमाराला अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. तिला वाटलं होतं तो खूश होईल. त्यानं गाठ मारून घेतली आणि म्हणाला, "घे ना तू थे सुई."

तिला ते लागलं. एवढे दिवस दाराच्या आत-बाहेर राहून याला त्याचीच सवय झाली का, असं तिच्या मनात आलं. ती आत गेली आणि चुलीसमोर बसली. थोड्या वेळानं तो आत आला, तिच्याजवळ बसला.

"मले तू पाह्यजे नाही, असं वाटलं का तुले?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तू माह्याजवळ येऊन बसशील," तो म्हणाला, "अन् दिवसभर काचेतून रस्त्याकडं पाहत रायशील. कोनी पडलं असन का म्हणून. मी ओळखतो तुले. त्या पोराले तू अजून मांडीवरून खाली ठेवलं नाही, देवका."

तेव्हा ती रडली. मग म्हणाली, "अन् तुमचं काय? अन् त्या लेकराचं?"

"थे पाहू आपण," तो म्हणाला. "अजून चार महिने हायेत."

तिनं तिसरी सुई घेतली. रिद्धीनं आठवडाभर फोन उचलला नाही.

होमराजनं 'पाहू' म्हटलं होतं ते वेळ मारून नेण्यासाठी नव्हतं. फाल्गुनात तो डॉक्टर बाईंकडे गेला आणि त्यानं सरळ विचारलं, की मला जास्तीत जास्त किती ऊन चालेल? जगण्यापुरतं, मजेत राहण्यापुरतं नाही. बाईंनी त्याला तपासलं, छातीला यंत्र लावून वेगवेगळ्या तापमानात बसवून पाहिलं, आणि सांगितलं की अंगात ओली बंडी घालून, पंख्याखाली, काही न करता बसलात तर एकतीस अंश. घाम येईल, बेचैन वाटेल, पण किडनीला धक्का नाही. मग त्यानं देवकन्येला पाठवलं. तिचंही तसंच मोजून पाहिलं. शाल पांघरून बसली तर एकतीसमध्ये तिला थंडी वाजे, पण दात वाजत नसत.

गारघराच्या मागं जुन्या सामानाची एक छोटी खोली होती. दिवाणखान्यात वापरून झालेली, माणसांच्या श्वासांनी किंचित कोमट झालेली हवा एका झरोक्यातून बाहेर सोडून दिली जाई. ती हवा बाहेर न सोडता आधी या खोलीतून फिरवली तर? होमराजनं विचारलं, डॉक्टर बाईंना ते पटलं. त्यांनी तालुक्याच्या अभियंत्याला बोलावलं, त्यानं नळकांडं कसं बसवायचं ते कागदावर काढून दिलं, आणि भिंतींना आतून मातीचा जाड लेप होमराजनं स्वतः दिला. उष्मा वाढायच्या आत काम उरकायचं म्हणून तो पहाटेच लागे. खोलीत दोन बाजा मावतील एवढीच जागा होती. झडप कमी-जास्त करत करत काटा एकतीसवर आणून ठेवायला त्यांना पुष्कळ खटपट करावी लागली.

रिद्धी चैत्राच्या शेवटी आली. तिनं खोली पाहिली आणि आपलं सामान दिवाणखान्यातच लावलं. बाळ, मुलगी, आरोग्य केंद्रात सुखरूप झाली आणि तिला गारघरात आणलं. बायांनी रीतीप्रमाणं तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, टोपडं बांधलं. तरी ती सारखी कुरकुर करी, हातपाय गार पडत, दूध नीट ओढत नसे. रिद्धी रडकुंडीला आली. चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर बाई बाळाला तपासत होत्या. त्यांनी तळव्यांना हात लावला, जरा विचार केला आणि रिद्धीला म्हणाल्या, की हिला उष्णता सोसत नाही हे खरं, पण इतका गारवाही नको आहे. नवं बाळ आईच्या पोटातल्या उबेतून आलेलं असतं. त्याला स्वतःची ऊब नीट धरता येत नाही. मागच्या खोलीत नेऊन पाहा, पण अंगावर लंगोटाखेरीज काही ठेवू नका.

रिद्धीनं बाळाला मागच्या खोलीत आणलं तेव्हा होमराज ओल्या बंडीत पंख्याखाली बसला होता आणि देवकन्या नुकतीच तलावावरून येऊन शाल गुंडाळत होती. रिद्धीनं दुपटं सोडलं, टोपडं काढलं. बाळानं दोन्ही हात डोक्यावर ताणले, पाय लांब केले, तोंड हलवून काहीतरी शोधलं. मग रिद्धीनं पदराखाली घेताच ते इतक्या जोरानं दूध ओढायला लागलं की रिद्धीला हसू आलं, आणि हसता हसता तिनं आईकडं पाहिलं. बाळाचं पोट भरल्यावर तिनं ते देवकन्येच्या हातात दिलं आणि समोरच्या बाजेवर आडवी होऊन गाढ झोपून गेली.

देवकन्येनं नातीला शालीच्या आत, छातीशी धरलं. माघापासून तिला कुणाचा स्पर्श असा उबदार लागला नव्हता. होमराजच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं त्याला विचारलं, की फार होत असेल तर पुढच्या दिवाणखान्यात जाता का?

"तुले थंडी वाजते का?" त्यानं विचारलं.

"वाजते थोडी."

"मग बस."

ती बसली. दुपार चढत गेली. मग देवकन्येचा फोन थरथरला. आरोग्य केंद्राचा होता. नदीकडच्या वीटभट्टीवर एक बाई घेरी येऊन पडली होती. देवकन्येनं ऐकून घेतलं, निघते म्हणाली. तिनं नातीला छातीपासून सोडवलं, होमराजच्या मांडीवर निजवलं, शाल बाजेवर ठेवली. होमराजनं तिला चादरी कुठं भिजवून ठेवल्यात ते सांगितलं. तिनं बाहेर पडून दार घट्ट ओढून घेतलं.

दाराच्या काचेतून होमराज ती पाळीच्या वळणाआड होईपर्यंत पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की बाळाच्या मानेखाली घाम साचलाय. त्यानं ओल्या बंडीच्या कडेनं तो हलकेच टिपला, आणि तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं.